कान कुणाचे होते

पीरमहंमदच्या टेबलाच्या खणात सात आठवडे एक पत्र पडून होतं. रोज सकाळी वकिलांचे कागद काढायला तो खण उघडायचा, पत्र वर यायचं, आणि तो ते पुन्हा जुन्या दस्तांखाली सरकवायचा. उत्तर द्यायला अवघड असं त्यात काही नव्हतं. इनमीन दहा वाक्यं होती.

‘लेख तीनदा वाचून घेतला. सर्व बरोबर आहे. एकच विचारावयाचे आहे. कान कुणाचे होते? आमच्या आबेदास कराडचे स्थळ आले आहे. शाबानच्या शेवटच्या जुम्म्यास ते लोक बोलणी करण्यास येतील. आपणांस काही लिहावयाचे असल्यास त्याआधी लिहावे. उत्तर माझे नावे यावे. येऊन बोलू नये. आपण फार हळू बोलता.’

खाली ‘कुतुबुद्दीन मिस्त्री, सांगली’, आणि अगदी कोपऱ्यात, बारीक – ‘हस्ताक्षर आबेदा’.

मिस्त्रींना लिहिता-वाचता येत नसे. त्यांचा सगळा पत्रव्यवहार लेक बघायची. त्यामुळे यातलं बापाचं किती आणि लेकीचं किती, हे पीरमहंमदला अजून उलगडलं नव्हतं. मात्र शेवटचं वाक्य बापाचं नव्हतं, एवढं नक्की. गेली काही वर्षं मिस्त्रींच्या लेखी सगळं जगच हळू बोलत होतं.

रमजानच्या आधीचा शाबान महिना संपत आला होता. शेवटचा जुम्मा, म्हणजे शुक्रवार, दोन दिवसांवर आला होता. आणि पीरमहंमद अजून खण उघडत होता, मिटत होता…

*

तो साताऱ्याला लालासाहेब वकिलांकडे मुनशी होता. वय सत्तावीस. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्यानं शिकवलं, पुढे तोही गेला. वकिलांच्या कचेरीमागच्या खोलीत एक खाट, एक कंदील आणि भिंतीला लावून रचलेली पुस्तकं, असा त्याचा संसार. माणसांशी बोलताना त्याचा आवाज घशातच अडकायचा, पण कागदावर मात्र तो मोकळा व्हायचा.

वकिलांकडे एक जुनी मोटार होती, एकतीस सालची. तिचा ड्रायव्हर अर्जुना लढाई सुरू झाल्यावर मिलिटरीत गेला. तेव्हा लालासाहेब म्हणाले, “पीरमहंमद, एवढं वाचतोस, तर एक मोटारीचंही वाच की.” त्यांनी विलायतेहून आलेलं गाडीचं जाड पुस्तक त्याच्या हातात दिलं. बाकी लोक गाडी गाडीवर बसून शिकतात, हा पुस्तकावरून शिकला. गिअर बदलताना त्याचे ओठ पुस्तकातलं वाक्य म्हणत असायचे.

गाडीची एक खोड होती. सकाळी गार असताना ती पहिल्या हिसक्याला सुरू व्हायची. पण वीस-तीस मैल पळून तापली, आणि घटकाभर बंद केली, की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. अर्धा-पाऊण तास रुसून बसायची. बरं, बंद न करता नुसती उभी ठेवावी, तर ती अशी थडथडायची की दिव्यांच्या काचा वाजायच्या. पेट्रोल कुपनावर मिळायचं. चालू ठेवली तर पेट्रोल जायचं, बंद केली तर वेळ जायचा.

चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये सांगली संस्थानच्या कोर्टात वकिलांचं एक काम निघालं. पहिल्याच तारखेला त्यांना कोर्टाच्या दारात सोडून पीरमहंमद गाडी सावलीला घ्यावी म्हणून एका बोळात वळला, आणि वळणावर गाडी बंद पडली. ऊन डोक्यावर होतं. त्यानं बॉनेट उघडलं, मडगार्डवर पुस्तक ठेवलं, पान काढलं, पेट्रोल जास्त सोडणारा चोक ओढला, सेल्फ मारला. गाडी नुसती कण्हली. त्यानं पुन्हा पान वाचलं, पुन्हा चोक ओढला. पेट्रोलचा दर्प नाकात गेला.

“आवं, चोक आत ढकला.”

आवाज बाईचा होता. त्यानं मान वर केली. समोर पत्र्याचं एक दुकान होतं. आत जुनी चाकं, पाने, तेलाचे डबे, आणि मागच्या बाजूला घराच्या दाराला बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा.

“कोण?” त्यानं विचारलं. विचारलं म्हणजे ओठ हलवले.

“काय म्हनलासा? जरा मोठ्यानं बोला.”

“कोण बोलतंय?”

“कोन का असंना. पोट तुडुंब भरलेल्याला आनि पाजतायसा व्हय? चोक आत ढकला, ॲक्सिलेटर पुरं दाबून धरा, आन् मग सेल्फ मारा. थोडा येळ नुसतीच घरघरंल. तुमी सोडू नका.”

“पण पुस्तकात… सुरू होत नसेल तर चोक ओढावा, असं दिलंय.”

“कुठलं पुस्तक?”

“विलायतेचं.”

“मग विलायतेत ओढा.”

त्यानं चोक आत ढकलला. पाय दाबून धरला. गाडी घरघरली… घरघरली… आणि एकदम काळा धूर टाकून सुरू झाली. इतकी अचानक, की तो दचकून खाली उतरला.

चिकामागून पुन्हा आवाज आला, जरा मऊ. “हवेची पत्ती कुठं ठिवलीया?”

त्या गाडीला एक पत्ती होती. ती एका बाजूला केली की पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला बाहेरची गार हवा मिळे, दुसऱ्या बाजूला केली की धुराच्या तापलेल्या नळावरून आलेली गरम हवा मिळे. एक उन्हाळ्याची बाजू, एक हिवाळ्याची.

“हिवाळ्याच्या,” तो म्हणाला. “मे उजाडेपर्यंत ती हिवाळ्यावर ठेवावी, असं…”

“पुस्तकात दिलंय.”

“हो.”

पडद्यामागे कुणीतरी तोंडात ओढणी कोंबून हसतंय, असं त्याला वाटलं. भर उन्हात, घामानं निथळत, तो उभा होता. आणि आपण गेली दोन वर्षं साताऱ्याच्या उन्हाळ्याला पुस्तकाच्या आज्ञेनं हिवाळा समजत होतो, आधीच तापलेल्या गाडीला गरम हवा पाजत होतो आणि वर चोक ओढत होतो, हे त्याला तेव्हा कळलं. त्याचा चेहरा इंजिनापेक्षा जास्त तापला.

तेवढ्यात नमाजाहून कुतुबुद्दीन मिस्त्री आले. पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे. गाडी थडथडत उभी होती. ते आधी दुकानाच्या बाकाशी वाकून डाव्या हाताला काहीतरी अडकवून आले; मग काही न विचारता त्यांनी एक तळवा बॉनेटवर ठेवला, मान कलती केली आणि डोळे मिटले. त्यांच्या डाव्या मनगटाला एक काळा दोरा होता. पीरमहंमदला आधी तो ताईताचा वाटला. पण तो दोरा मनगटावरून खाली, बाकाखालून, चिकाच्या पलीकडे गेला होता. आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो तीनदा हलला.

मिस्त्रींनी डोळे उघडले. “हवा,” ते म्हणाले. “कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग फाटलंय. फटीतनं हवा चोरतीया. म्हनून थडथडती.”

त्यांनी ब्रशनं त्या सांध्यावर तेल फिरवलं. तेल फटीत ओढलं गेलं आणि गाडी क्षणभर गपगार, सरळ चालली. मग पुन्हा थडथड.

“पॅकिंग न्हाई मिळायचं,” मिस्त्री म्हणाले. “लढाई चालू हाय. जाड पुठ्ठा असला तर बघा.”

पीरमहंमदनं इकडेतिकडे पाहिलं. मग हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. त्याचा पुठ्ठा चांगला जाड होता, कापडी बांधणीचा. त्यानं पुस्तक छातीशी धरलं, सोडलं, पुन्हा धरलं… आणि शेवटी मिस्त्रींच्या पुढे केलं. मिस्त्रींनी कापड सोलून कात्रीनं पुठ्ठा कापला, भोकं पाडली, तेलात भिजवून बसवला. गाडी सुरू केली तेव्हा काचा वाजेनात.

चिकामागून आवाज आला, “आता खरं पुस्तक कामाला आलं.”

मिस्त्रींना ते ऐकू गेलं नाही. ते हात पुसत होते.

*

महिन्याला एक तारीख पडायची. वकील कोर्टात गेले की गाडी त्या बोळात वळायची. चिकाच्या अलीकडे एक पालथा डबा होता, त्यावर पीरमहंमद बसायचा. पलीकडे ती असायची. गाडीबद्दल बोलायचं म्हणून दोघं बोलायला लागली, आणि गाडीबद्दलच बोलत राहिली. पण कार्बोरेटरवर माणसं किती बोलू शकतात, याला काही मर्यादा नाही, हे त्याला त्या वर्षी समजलं.

दोऱ्याची गोष्ट तिनंच सांगितली. “एक वढ म्हंजे पेट्रोल. दोन म्हंजे करंट. तीन म्हंजे हवा. अब्बांचे कान गेले, पाच वर्सं झाली. हात अजून सोन्याचे हायती. पर गाडीचा मिस्त्री भहिरा हाय म्हनल्यावर गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हाईल का? गल्लीला ठावं हाय. गल्ली बोलत न्हाई.”

“मग मला का सांगितलंत?”

“तुमचं बोलनं कुनाला ऐकू जातंय?”

तो हसला. तिला ते ऐकू आलं असावं. तिला सगळंच ऐकू यायचं.

एकदा दुपारी दुकानाची अर्धी फळी लावलेली असताना त्यानं तिला बापाला पत्र वाचून दाखवताना ऐकलं. मुंबईच्या कुठल्याशा व्यापाऱ्याचं पत्र होतं. बापाच्या कानाशी तोंड नेऊन ती एकेक शब्द असा ओरडून वाचत होती, की समोरचा घोंगडीवाला बिराप्पा आपल्या पायरीवरून म्हणाला, “मिस्त्री, प्लगाचा भाव वाढला म्हना की.” त्या घरात टपालानं आलेली गोष्ट सगळ्या बोळाची होत असे.

जुलैची तारीख पावसात आली. गाडी पुन्हा जरा थडथडत होती. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की चिकामागून इंजिन ऐकू येईना. दोरा हललाच नाही. मिस्त्री तळवा ठेवून थांबले, थांबले, आणि मागे वळून पाहू लागले. तेव्हा चिकाचा पडदा वर झाला आणि ती बाहेर आली.

डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. उंच, सावळी, कपाळावर काजळीचा एक फराटा. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. बाकावरचा लांब लाकडी दांडा उचलला, त्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं, आणि डोळे मिटून उभी राहिली. पत्र्याच्या कडेवरून पागोळ्या तिच्या मागे पडत होत्या. पीरमहंमदला वाटलं, इतकं लक्ष देऊन आपलं कुणी कधी काही ऐकलं नाही.

मग तिनं डोळे उघडले. दांडा त्याच्यापुढे केला. “ऐका.”

त्यानं कान लावला. आत नुसता गोंधळ होता. खडखड, सूं सूं, आणि तिच्या हाताची ऊब अजून लाकडावर होती.

“आलं ऐकू? बारीक शिट्टी हाय बगा, मधनंच येती.”

“हो,” तो म्हणाला. “आलं.”

त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

तिचा चेहरा उजळला. “मग झालं तर. आजपातूर आमच्या घराबाहेरच्या कुनाला ती ऐकू आली न्हवती.”

खोटं इतकं लहान होतं, की ते परत घ्यायला त्याला जागा सापडली नाही.

पुढच्या तारखांना गाडी ठणठणीत होती. ऑक्टोबरात मात्र बोळात शिरताना ती एकदम अडखळू लागली. मिस्त्री जेवायला बसले होते. चिकामागून ती बराच वेळ ऐकत राहिली.

“ही खोट गाडीची न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “ही कुनीतरी हातानं केलीया.”

“कशावरून?”

“गाडी आपसूक बिघडती, तवा हळूहळू बिघडती. ही एकदम बिघडलीया. तीबी आमच्या बोळाच्या तोंडाशी आल्यावर. दोन नंबरच्या प्लगाची वायर बगा, सैल हाय.”

त्यानं मुकाट्यानं वायर घट्ट केली. कान लाल झाले होते.

“पुढच्या बारीला,” ती म्हणाली, “न बिघडवताबी आला तर चालंल… डबा हाय तिथंच हाय.”

यावर बोलायला हवं होतं. त्याला ते कळत होतं. साताऱ्याला परतताना कराडच्या पुलापर्यंत त्यानं तीन उत्तरं तयार केली, तिन्ही चांगली होती.

जानेवारीत निकाल लागला.

“आता म्होरली तारीख?” तिनं विचारलं.

“नाही. निकाल झाला.”

“बरा लागला?”

“आमच्या बाजूनं.”

“मग बराच म्हनायचा,” ती म्हणाली.

*

मे महिन्यात पीरमहंमदनं साताऱ्याच्या एका साप्ताहिकात लेख लिहिला – ‘गरम इंजिनाचा हट्ट’. मोटारवाल्या लोकांना उपयोग व्हावा, हा एक हेतू. दुसरा हेतू त्यानं स्वतःशीही नीट कबूल केला नव्हता: तो लेख सांगलीला पोचावा. त्यात सगळं होतं. विलायती पुस्तकाचा हिवाळा, तुडुंब भरलेला कार्बोरेटर, पुठ्ठ्याचं पॅकिंग, दांड्याचं टोक. लिहिताना त्याला फार दिवसांनी मोकळं वाटलं. आणि त्या भरात त्याच्या लेखणीतून एक वाक्य उतरलं – ‘मी कान देऊन ऐकले, तेव्हा मला मधूनच येणारी एक बारीक शीळ स्पष्ट ऐकू आली.’

लेख गाजला. वकिलांनी तो कोर्टात दाखवला. लोक गाड्यांच्या तक्रारी घेऊन मुनशीकडे यायला लागले. मग जूनमध्ये ते पत्र आलं.

त्यानं स्वतःला परोपरीनं समजावलं. तिचं नाव कसं घालणार? मिस्त्रींचे कान गेल्याचं सगळ्या जिल्ह्याला कळलं असतं. दुकान बसलं असतं. हे सगळं खरंच होतं. पण ‘एका जाणत्यानं ऐकलं’ असं लिहिता आलं असतं. तिथं ‘मी’ कुणी घातला? आणि असला माणूस आता कुठल्या तोंडानं लिहिणार, की कराडच्या लोकांना येऊ देऊ नका?

त्यानं उत्तराचे कितीतरी मसुदे केले. काही फार सुंदर होते. तेच त्यानं आधी फाडले.

आणि आज बुधवार होता. दहाच्या सुमारास कचेरीपुढे एक जुनी गाडी थडथडत येऊन थांबली. खाकी पँटमधला एक दणकट गडी उतरला. गाडी चालूच ठेवली होती.

“मुनशी पीरमहंमद तुमीच न्हवं? मी हंबीरराव, कोरेगावचा. मिलिटरीत लॉरीवर हाय, रजेवर आलोय. ही चुलत्याची गाडी. तापली की सुरू व्हत न्हाई, आन् उभी केली की हलती. तुमचा लेख वाचला गड्या, म्हनलं ह्येंनाच गाठावं.” त्यानं खिशातून घडी पडलेलं साप्ताहिक काढलं. “चला, द्या कान.”

कोपऱ्यातल्या टपरीवरची दोन माणसं बघायला उठली. हंबीररावांनी कुठूनतरी काठी पैदा केली. पीरमहंमदनं तिचं टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला लावलं. डोळे मिटले. आत नुसता गोंधळ होता, पावसातल्या त्या दिवसासारखाच.

“आली का शिट्टी?” हंबीररावांनी विचारलं.

‘हवा चोरतेय’ म्हणून मोकळं होता आलं असतं. दहातल्या सहा गाड्यांत तेच असतं. शब्द ओठांवर आला होता. पण डोळे मिटलेले असताना त्याला पागोळ्यांपुढे उजळलेला एक चेहरा दिसला. ‘आजपातूर आमच्या घराबाहेरच्या कुनाला ती ऐकू आली न्हवती.’

त्यानं काठी खाली घेतली. “मला ऐकू येत नाही, हंबीरराव.”

“भहिरं हायसा व्हय?”

“नाही. गाडी ऐकू येत नाही. कधीच आली नाही.”

“आन् ह्ये?” हंबीररावांनी साप्ताहिक हलवलं. “ह्यात तर लिवलंय, मी कान देऊन ऐकलं म्हनून.”

“लेख माझा आहे. कान माझे नव्हते.”

आयुष्यात पहिल्यांदा तो इतक्या मोठ्यानं बोलला, की आतून लालासाहेब खिडकीशी आले.

हंबीररावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “मग ज्येचे व्हते, त्येला ठावं हाय का ह्ये?”

“सांगलीहून त्यांनीच विचारलंय. पत्रानं. सात आठवडे झाले.”

“काय लिवलासा मग?”

“काही नाही.”

“आवं…” हंबीररावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “आमी तिकडं बर्माच्या लढाईत, आराकानात, पत्राची वाट बघायचो न्हवं… वाईट खबर आली तरी चालायची. काईच न आलं की मानूस आत्नं खचायचं. बसा, लिवा. मी च्या घेतो. डाकगाडी दुपारी कोरेगावला येती, मी तिकडंच निगालोय. तिच्या टपालाच्या डब्यात टाकलं की सांगलीला उद्या पोचतंय.”

पीरमहंमद आत गेला. लालासाहेबांनी आपली दौत पुढे सरकवली आणि पाठ फिरवून नको असलेलं एक पुस्तक फडताळातून शोधू लागले.

पत्र मिस्त्रींच्या नावानं जाणार होतं. म्हणजे ते ती वाचणार, बापाच्या कानाशी, ओरडून. बिराप्पा ऐकणार, सगळा बोळ ऐकणार. या एका विचारानं त्यानं याआधीचे सगळे मसुदे असे गोलगोल लिहिले होते, की कुणालाच काही कळू नये. आज त्यानं सरळ लिहिलं.

‘जनाब कुतुबुद्दीन मिस्त्री यांस पीरमहंमदचा सलाम.

कान आपल्या मुलीचे होते. लेखात मी तिथे “मी” लिहिले, ते खोटे लिहिले. पावसात दांडा कानाला लावून मला ऐकू आले म्हणालो, तेही खोटे होते. आपली गोष्ट फुटू नये म्हणून नाव गाळले, असे मी स्वतःस सांगत आलो. नाव गाळण्यास हरकत नव्हती. त्या जागी माझे घालावयास नको होते. पुढील अंकात मी लिहीन की ती शीळ मला ऐकू आली नाही, एका जाणत्या माणसास आली. याहून अधिक आपण सांगाल तेवढेच लिहीन.

पत्र वाचणाऱ्या व्यक्तीस विनंती. पुढचा मजकूर मोठ्याने वाचावयाचा नसेल, तर इथेच थांबावे आणि मुनशीने माफी मागितली आहे, एवढेच सांगावे. मी समजेन आणि पुन्हा लिहिणार नाही.

मला आबेदाशी निकाह करावयाचा आहे. माझ्या घरी वडीलधारे कुणी नाही, म्हणून मीच मागणी घालतो. मी तिला साताऱ्यास नेणार नाही. मीच सांगलीस येईन. तिच्यावाचून आपले दुकान चालत नाही, आणि माझेही फारसे काही चालत नाही, हे मला या सात आठवड्यांत कळले. मला पत्रे लिहिता येतात. पाना-पकड धरावयास शिकेन. ऐकणे मला येईल असे वाटत नाही, पण ज्यांना येते त्यांच्याजवळ बसण्यास मी तयार आहे.

ऑक्टोबरात वायर मीच सैल केली होती.’

सही केली. वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं.

*

हंबीररावांची गाडी साऱ्या रस्त्यानं थडथडत होती. पाऊस भुरभुरत होता, दोन्ही बाजूंनी ज्वारीची पोटरीएवढी पिकं हलत होती. पत्रावरचा मिस्त्रींचा पत्ता हंबीररावांनी निघतानाच वाचला होता; आता पीरमहंमदनं ते सदऱ्याच्या आत धरलं होतं. तो एकदाच बोलला. “चोक आत ढकलून बघा, तापल्यावर. एवढं मात्र खरं आहे.”

“ते बगतो. बाकीचं सांगलीला दाखीवतो. चुलत्याला धाडतो मिस्त्रीकडं.” हंबीररावांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “मिस्त्रीची लेक, व्हय?”

पीरमहंमदनं मान हलवली.

“तरीच. मिस्त्रीला पत्र लिवायला सात आठवडं कोन लावतंय?”

स्टेशनाबाहेर त्यांनी गाडी चालूच ठेवली. “पळा. हिला बंद केली तर आपुन हितंच ऱ्हातोय.”

डाकगाडी येऊन उभी होती. टपालाचा लाल डबा अगदी शेवटी होता. पीरमहंमद ओल्या फलाटावरून धावला. उशिराच्या टपालाचं जादा तिकीट लावलेलंच होतं. डब्याच्या अंगाला पत्रं टाकायची पितळी फट होती. त्यानं पत्र आत घातलं, पण बोटं काही सुटेनात. पलीकडच्या अंधारात पत्र अर्धं गेलं होतं. ती ते फोडेल. अब्बांच्या शेजारी बसेल. पहिल्या ओळीला आवाज चढवेल. मग ती मधली ओळ येईल, आणि ती थांबेल, किंवा थांबणार नाही. बोळात बिराप्पा असेल. कराडचे लोक परवा येणार. ती थांबली तर? आणि न थांबता, एवढ्या मोठ्यानं…

गार्डानं शिट्टी दिली. डब्यातून टपाल कारकुनानं डोकं बाहेर काढलं. चष्म्यावरून पाहत तो म्हणाला, “अहो, पत्र टाकायचंय ना?”

“हो.”

“मग हात काढा. गाडी सुटतेय.”

पीरमहंमदनं बोटं सोडून हात काढला.